दहावीच्या मुलीनं भीतीनं अभ्यास सोडलाय. क्लास लावू का? वक्तृत्वातून नाव काढू का? (बजेट दीड हजार)

खानापूरची_आई
नमस्कार. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव) एका गावातून लिहिते. मुलगी दहावीला, मराठी माध्यम. नववीपर्यंत पहिल्या तिघांत असायची. डिसेंबरात शाळेच्या परीक्षेत विज्ञानाचा पेपर हातात आला आणि बहिर्गोल भिंगाची किरणाकृती आठवेचना. आदल्या रात्री तीच आकृती तिनं मला पडवीत फरशीवर खडूनं काढून दाखवली होती. हात गार पडले म्हणाली. घरी आली ती थेट गोठ्यात जाऊन बसली. तेव्हापासून पुस्तक उघडते, पण तासाभरानं बघावं तर पान तेच. "वाचून काय करू, तिथं गेल्यावर सगळं जातंच की," म्हणते.

त्यात याच महिन्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात वक्तृत्व आहे. नाव तिनं परीक्षेच्या आधीच दिलंय. ते काढून घ्यावं का? बेळगावात क्लास लावावा का? बस तिला फुकट आहे, पण जाऊन-येऊन तीन तास जातात. की एखादं पुस्तक घेऊ? सगळं मिळून दीड हजाराच्या वर जमणार नाही. काजूचे पैसे एप्रिलशिवाय हातात येत नाहीत.

टिळकवाडी_बाबा
ताई, टॅब घ्या. मी मुलाला २२,००० चा घेतला, व्हिडिओ कोर्सचे १८,००० वेगळे. ६२५ पैकी ५९१ पडले. विषय समजला की भीती राहत नाही, हा माझा अनुभव. वक्तृत्व पुढच्या वर्षी करू दे, दहावी एकदाच असते.

निपाणीकर_८
आम्ही कोल्हापूरहून गाईडच्या पुस्तकांचा पूर्ण संच आणला होता. सगळे प्रश्न सोडवलेले, भाषा सोपी. माझ्या दोन्ही मुली त्यावर पास झाल्या.

शहापूर_गल्ली
तो संच महाराष्ट्र बोर्डाचा, तो घेऊ नका. तिकडं विज्ञान दोन भागांत, चाळीस-चाळीसचे दोन पेपर. इकडं ८० चा एकच आणि २० शाळेकडं. आपली गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीची. माझ्या भाचीनं सहा महिने चुकीच्या पुस्तकातून पाठ केलं, शेवटी धड्यांचा मेळच बसेना.

निपाणीकर_८
ओहमचा नियम दोन्हीकडं एकच आहे. निबंध, पत्र, व्याकरण यालाही आम्हाला उपयोग झाला.

शहापूर_गल्ली
नियम एक असेल, प्रश्न विचारायची पद्धत एक नाही. आधीच घाबरलेल्या मुलीपुढं अनोळखी पुस्तक ठेवू नका एवढंच म्हणणं.

येळ्ळूर७
क्लास तर अजिबात नको. आमच्याकडून वर्षाची फी आधीच घेतली, नोव्हेंबरनंतर विज्ञानाचे सर आलेच नाहीत. एका बाकावर पाच पोरं. पैसे मागायला गेलो तर पावती दाखवा म्हणाले, आणि पावती दिलेलीच नव्हती. बाबा म्हणतात ते बरोबर, टॅब घ्या.

निवृत्त_गुरुजी
एकतीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवलं. तुमच्या मुलीला विषय येतो, ती खडूची आकृतीच त्याची साक्ष. वेळ लावून, अनोळखी माणूस समोर असताना आठवायची सवय तिला नाही, आणि ती सवय वाचून लागत नाही. धडा पुन्हा पुन्हा वाचला की सगळं ओळखीचं वाटतं. पण ओळखणं वेगळं, कोऱ्या कागदासमोर आठवणं वेगळं. रोडिगर आणि कारपिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेली मुलं पुढं होती. आठवड्यानं घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिलेली मुलं पुढं गेली. म्हणून पुस्तक मिटून लिहायला लावा, मग उघडून चुका लाल पेननं तिच्याकडूनच काढून घ्या.

रविवारी सकाळी दहाला पूर्ण पेपर लावा. पहिली पंधरा मिनिटं फक्त प्रश्नपत्रिका वाचायची, पेन खाली. बोर्डातही तसंच असतं. सव्वा एकला पेपर काढून घ्या, एक ओळ राहिली असली तरी. नमुना प्रश्नपत्रिका मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, झेरॉक्सचा काय तो खर्च. आणि हे घरच्या खोलीत नको. शाळेचा रिकामा वर्ग, पंचायतीचं वाचनालय, जिथं माणसं ये-जा करतात तिथं बसवा.

जे येतं त्यानं सुरुवात करायची, मग तो प्रश्न शेवटचा का असेना. पहिलं उत्तर नीट उतरलं की हाताला ऊब येते. वक्तृत्व मात्र मी यंदा थांबवलं असतं. एका वेळी एकच ओझं द्यावं.

वडगाव_माग
मी २०११ ला एसएसएलसी, म्हणजे इकडची दहावी, दिलो. घरात चार माग, त्या खडखडाटातच अभ्यास. गणिताच्या पेपरात रडलो आणि अर्ध्यातून उठून आलो. दोन विषय गेले. महिनाभर गल्लीत तोंड दाखवलो नाही. पुरवणीला निघालो, पण तो महिना अजून आठवतो.

आता २०२४ पासून वर्षात एकाहून जास्त परीक्षा असतात, आणि जास्त पडलेले गुण धरतात. हे मुलीला आजच सांगा. त्या दिवशी मला कुणी एवढं सांगितलं असतं तर मी बाकावरून उठलो नसतो. भाषणाचं राहू दे मात्र, गुरुजी बरोबर बोलतात.

येळ्ळूर७
असं सांगितलं की पोरं पहिल्या परीक्षेला अभ्यासच करत नाहीत. आमच्या शेजारी बघितलंय.

वडगाव_माग
ही पोरगी आळशी नाही, घाबरलीय. दोघांना एकच औषध कसं चालेल?

अनगोळ_अण्णा
रात्री भिजवलेले बदाम द्या. माझ्या मेव्हण्यानं मुलाखतीआधी धडधडीची अर्धी गोळी घेतली होती, हात अजिबात थरथरला नाही. नाव विचारून कळवतो.

रात्रपाळी_सिस्टर
अण्णा, कृपा करून कळवू नका. ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल असणार. दमा असलेल्याला त्यानं श्वास अडकू शकतो, रक्तदाबही उतरतो. पंधरा वर्षांच्या मुलीला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय असलं काही द्यायचं नाही.

आई, ती झोपते किती? रात्री एकपर्यंत जागवू नका, दिवसा वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. झोपताना दहा वेळा चार मोजत श्वास आत, सात मोजत हळू बाहेर. बाहेरचा श्वास लांबला की ठोके मंदावतात. आतापासून रोज करायचं. पेपरात पहिल्यांदाच केलं तर मोजण्यातच गोंधळ होतो. जेवण सुटलं, झोप उडाली किंवा जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलायला लागली तर थांबू नका, जिल्हा रुग्णालयात आणा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा लागतो.

तबला_रियाज
पहिल्यांदा लोकांसमोर बसलो तेव्हा साध्या तीनतालात सम चुकली. खाली मान घालून उठलो. वडील रागावले नाहीत की त्यांनी समजावलं नाही, दर गुरुवारी देवळात भजनाला साथीला बसवलं. समोर दहा-बारा म्हातारी माणसं. चुकलो तरी ती गातच राहायची, मग मलाही पुढचा ठेका धरावा लागायचा. दोन वर्षांनी मोठ्या कार्यक्रमात बसलो. हात आजही गार पडतात, पण गार हातानं वाजवता येतं हे आता माहीत आहे.

तरी दहावीत स्टेज नको असंच म्हणेन. तिथं अडकली तर पेपरालाही तेच डोक्यात राहील.

टिळकवाडी_बाबा
टॅब हप्त्यावर पण मिळतो, ताई.

खानापूरची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, रागावू नका.

टॅब नाही, क्लास नाही. झेरॉक्सला ११० गेले. संध्याकाळी लाईट जाते म्हणून ६५० चा चार्जिंगचा दिवा घेतला. बाकीचे ठेवलेत.

तुमचं सगळं मी तिला वाचून दाखवलं. वक्तृत्वाला तुम्ही सगळेच नको म्हणालात, मलाही तेच वाटत होतं. पण तबल्याचं ऐकून ती म्हणाली, "आई, सगळ्यांसमोर विसरल्यावर पुढं काय होतं ते मला एकदा बघायचंय. ते पेपरात बघण्यापेक्षा भाषणात बघते." म्हणून नाव ठेवलंय. चुकत असेन तर माझी चूक.

पहिल्या दिवशी आजोबांसमोर बोलली, दुसऱ्या दिवशी जाऊबाई आणि पोरं. शुक्रवारी आमच्या बचत गटाच्या बैठकीत अकरा बायकांसमोर उभी केली. मध्येच थांबली. मला वाटलं आता पळते. कुणीच काही बोललं नाही. तिनं लांब श्वास सोडला, पुढचा मुद्दा विसरलाय असं सरळ सांगितलं आणि त्याच्या पुढच्यापासून बोलली. घरी येताना वाटेत दोनदा हसली. महिन्यात पहिल्यांदा.

रविवारी मुख्याध्यापकांना विचारून शाळेतच विज्ञानाचा पेपर लावला, मी दारात बसले. गुरुजी, ८० पैकी ५१. भिंगाची आकृती काढली, एका किरणावर बाण उलटा पडला. तो तिनंच लाल पेननं दुरुस्त केला.

स्नेहसंमेलन शनिवारी आहे. तिसऱ्या भाषेच्या कन्नडच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुणाकडं असतील तर सांगा, परवा झेरॉक्सला जातेय.