शब्दचर्चा: वायफाय कार्ड, अडॅप्टर की बिनतारी जोडपट्टी?

टिळकवाडी, बेळगाव

लॅपटॉपमधलं वायरलेस नेटवर्क अडॅप्टर कार्ड (वायफाय पकडणारी आतली छोटी पट्टी) कसं बदलायचं, यावर दोन पानांचं मराठी टिपण लिहायला घेतलंय. वाचनालयात येणाऱ्या मुलांसाठी. घरात मराठी, गल्लीत मराठी-कन्नड दोन्ही, कॉलेजात इंग्रजी, अशी ही मुलं. हाताला हुशार आहेत, पण असलं काही मराठीत वाचायला मिळत नाही त्यांना. पहिल्याच ओळीला अडलोय. वस्तूला काय म्हणू? एका स्नेह्यांनी 'बिनतारी जोडपट्टी' सुचवलंय. आणि क्रियापद कुठलं घ्यायचं: बसवणे, टाकणे, घालणे, जोडणे? कृपया सांगा.

खडेबाजार, बेळगाव

सर, मी दुरुस्तीच्या काउंटरवर बसतो, म्हणून तिथलं सांगतो. पहिल्या ओळीत 'अडॅप्टर' नको. आमच्याकडं अडॅप्टर म्हणजे चार्जर. "लॅपटॉपचा अडॅप्टर द्या" म्हटलं की पोरगा आधी विचारतो, ६५ वॅटचा का ९० चा? आतली पट्टी म्हणजे 'वायफाय कार्ड', बाहेरून यूएसबीला लावायचं ते 'डोंगल'. 'जोडपट्टी' मागितली तर बाजारात कुणी काही देणार नाही.

पण नुसतं 'वायफाय कार्ड' म्हणूनही भागत नाही, हे टिपणात नक्की लिहा. आताच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक 'एम डॉट टू' (आतल्या खाचेचा एक प्रकार) चं २२३० मापाचं कार्ड असतं. २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब, तोच तो आकडा. जुन्या मशीनमध्ये 'हाफ मिनी' हा वेगळा प्रकार असतो, तो यात बसत नाही. आणि मापानं बसलं तरी चालेलच असं नाही. इंटेलचं एएक्स२१० आणि एएक्स२११ शेजारी ठेवा, दिसायला भावंडं. २१० बऱ्याच मशीनवर चालतं. २११ चं निम्मं काम इंटेलच्या प्रोसेसरकडंच असतं, त्यामुळं ज्या मशीनमध्ये तशी सोय केलेली आहे तिथंच ते चालतं. एका आकड्यासाठी पैसे पाण्यात जातात. जुन्या काही लॅपटॉपचा बायोस (मशीन चालू होताना आधी चालणारा आतला प्रोग्राम) तर कंपनीच्या यादीतलंच कार्ड घेतो, दुसरं घातलं की मशीन सुरूच होत नाही.

खानापूर

वस्तूच्या नावापेक्षा मला तक्रारीच्या शब्दांची काळजी वाटते. आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रोज ऐकायला मिळतं: रेंज गेली, नेट गेलं, सिग्नल गेला, वायफाय गेलं. मुलं हे चारही एकाच अर्थानं वापरतात. मराठीनं त्यांना लिंगंसुद्धा तिन्ही वाटून दिलीत, पण अर्थ वेगळे ठेवायची सवय आपण लावली नाही. टिपणात हे वेगळे करता येतील का?

खडेबाजार, बेळगाव

खानापूरकर, अगदी मुद्द्याचं बोललात. हे वेगळे केले तर निम्मी मशीनं दुकानात यायचीच नाहीत.

रेंज जाते ती मोबाइलच्या टॉवरची, लॅपटॉपच्या कार्डाशी तिचा संबंध नाही. नेट जातं म्हणजे बाहेरून राउटरपर्यंत (घरात वायफाय देणाऱ्या डबीपर्यंत) येणारी लाइन बंद. लॅपटॉपवर वायफायला जोडलेलं दिसतं, पण पान उघडत नाही. वायफाय जातं म्हणजे राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधलंच तुटलं. कन्नड बोलणारं गिऱ्हाईक 'नेट बरवल्दु' म्हणतं, मराठी 'नेट येईना' म्हणतं. दोघांनाही माझा प्रश्न एकच: त्याच वायफायवर तुमच्या फोनला नेट येतंय का? मोबाइल डेटा बंद करून बघा म्हणतो, नाहीतर फोन फसवतो. फोनला येतंय आणि लॅपटॉपला येत नाही, मग लॅपटॉपमध्ये बघायचं. कार्ड काढायच्या आधी विमानाचं चिन्ह (एअरप्लेन मोड) आणि कीबोर्डवरचं वायफायचं बटण तपासायचं.

अजून एक. लॅपटॉपला शेजारच्यांची नावं दिसतात आणि घरचंच दिसत नाही, अशी तक्रार येते. वायफायच्या लहरींचे दोन पट्टे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. राउटर फक्त ५ वर ठेवलेला असतो आणि जुन्या कार्डाला २.४ च तेवढं कळतं. तिथं 'वायफाय गेलं' हा शब्दच चुकीचा. गेलं नाही, दिसत नाही.

वडगाव, बेळगाव

'बिनतारी' ची बाजू मांडतो. आमचं घर विणकरांचं. कन्नडात वायरलेसला 'निस्तंतु' म्हणतात, आणि तंतू म्हणजे काय हे मागावर बसणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. मराठी 'बिनतारी' तितकाच सोपा. पोलिसांच्या संदेशयंत्रणेला महाराष्ट्रात हाच शब्द आहे. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण 'तार आली' म्हटलं की आमच्या आजीच्या पोटात गोळा यायचा ते मला आठवतं. एवढा जगलेला शब्द सोडू नका. पट्टीच्या नावात नसला तरी प्रस्तावनेत 'बिनतारी जोडणी' असू दे.

खडेबाजार, बेळगाव

असू दे की. फक्त मुलांना एवढं सांगा, की बिनतारी कार्डालाही आत दोन तारा असतात, आणि सगळी मेख तिथंच आहे. बहुतेक एक काळी, एक पांढरी. बिजागरातून वर जाऊन स्क्रीनच्या कडेला पोचतात, तिथं अँटेना असतो. तारेच्या टोकाला मोहरीपेक्षा जरा मोठी पितळी टोपी. काढताना नख खालून घालून सरळ वर उचलायची, तार धरून ओढायची नाही. बसवताना टोपी बरोबर मधोमध ठेवून बोटानं सरळ दाबायची, टच् असा बारीक आवाज येतो. तिरकी दाबली की कड चेपते आणि मग ती कधीच नीट धरत नाही. तारा न लावता कार्ड बसवलं तर राउटरजवळ वायफाय दिसतं आणि पलीकडच्या खोलीत गायब होतं. लोक नव्या कार्डाला दोष देतात.

निपाणी

क्रियापदाबद्दल. कार्ड चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. पुण्याकडं 'ड्रायव्हर टाकला' म्हणतात, आपण 'घातला' म्हणतो. काही जण याला कन्नड 'हाकु' (घाल) चा परिणाम म्हणतात: बीग हाकु, अंगी हाकु, तसंच ड्रायव्हर हाकु. असेल थोडाफार. पण कुलूप घालणे, सदरा घालणे हे मराठीच आहे, त्यात लाजायचं काय? माझं मत: कार्ड बसवायचं, तारा लावायच्या, ड्रायव्हर घालायचा, नेटवर्कला जोडायचं. 'कार्ड घातलं' लिहिलं तर मुलं खाचेत सरळ दाबायला जातील.

खडेबाजार, बेळगाव

शंभर टक्के. स्क्रू काढला की कार्ड आपोआप तिरकं वर उठतं, त्याच तिरक्या रेषेत ते बाहेर येतं आणि नवं तसंच आत जातं. मग खाली दाबून स्क्रू. यालाच आम्ही बसवणं म्हणतो.

टिळकवाडी, बेळगाव

सगळ्यांचे आभार. 'जोडपट्टी' सोडली, 'बिनतारी जोडणी' प्रस्तावनेत ठेवली. मसुदा असा:

"जुन्या कार्डावरचा क्रमांक लिहून घ्या, तारांचा फोटो काढा. तारा सोडवा, स्क्रू काढा. नवं वायफाय कार्ड तिरकं सरकवून बसवा, तारा लावा. लॅपटॉप सुरू करून विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर (मशीनमधल्या भागांची यादी) उघडा. तिथं याच कार्डाला 'नेटवर्क अडॅप्टर' म्हटलेलं दिसेल. त्या यादीत नसेल आणि पिवळ्या खुणेसह 'नेटवर्क कंट्रोलर' दिसत असेल, तर ड्रायव्हर घालायचा राहिलाय. वायफाय नसताना तो उतरवायला अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल."

'टेदरिंग' ला शब्द शोधला नाही. फोनवर तेच लिहिलेलं असतं.

खडेबाजार, बेळगाव

चांगलं झालंय सर. बॅटरीचं राहिलं बघा. चार्जर काढा, मागचं झाकण उघडल्यावर बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच तारांना हात लावा. ही ओळ सगळ्यात वर घ्या.