वर गड नसलेल्या वाटा: स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडमधल्या सोप्या भटकंतीचे अनुभव लिहा

उन्हाळा लागला की भारतातून आई-बाबा येतात आणि इथल्या मराठी घरांत प्रश्न सुरू होतो: शनिवारी न्यायचं कुठे? राजवाडे, किल्ले, मॉल पहिल्या पंधरवड्यात उरकतात. मग उरतात त्या खेड्यापाड्यांतल्या टेकड्या, दऱ्या आणि रानं. त्यांचे अनुभव इथे गोळा करूया.

अट एकच, वाट सोपी हवी. दोन-अडीच तासांत संपणारी, गुडघेदुखीवाल्या माणसाला आणि बालवाडीतल्या पोराला झेपणारी. मन्रोवीरांनी (मन्रो म्हणजे स्कॉटलंडमधले 914 मीटरच्या वरचे 282 डोंगर, त्यांची यादी हातात घेऊन लोक आयुष्य काढतात) कृपया वेगळा धागा काढावा. आपल्याला सवय गडांची. वर दरवाजा, बुरूज, पाण्याचं टाकं, गेलाबाजार एखादा मारुती तरी हवाच. इथल्या बहुतेक वाटांवर यातलं काही नाही. फिरून परत गाडीपाशीच यायचं. "मग आलो कशाला?" म्हणणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही काय दाखवलंत ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. ग्लेनकोची दरी बहुतेकांनी गाडीतून पाहिली असेल. फोटो काढून सगळे पुढे फोर्ट विल्यमकडे पळतात. त्याऐवजी ग्लेनको गावात थांबा आणि मागच्या रानातल्या तळ्यावर, ग्लेनको लोखनला जा. तळ्याभोवतीची वाट सपाट, किलोमीटरभर असेल. सासूबाई काठी टेकत, बाकड्यावर बसत, आरामात फिरल्या. इथली झाडं मात्र स्कॉटलंडची नाहीत. कॅनडात हडसन्स बे कंपनीत मोठा झालेला डोनाल्ड स्मिथ, म्हणजे लॉर्ड स्ट्रॅथकोना, 1890 च्या दशकात इथे राहायला आला. बायको इझाबेला कॅनडातली, तिला तिकडची आठवण येई. म्हणून त्याने उत्तर अमेरिकेतली झाडं आणवून अख्खं रान लावलं आणि तळं करवलं. सासूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रान लावण्यापेक्षा तिला माहेरी नेऊन आणायचं." तळ्याच्या पाण्यात समोरच्या डोंगराचं प्रतिबिंब पडलं होतं, ते मात्र त्यांनी बराच वेळ पाहिलं.

बेलफास्टहून

छान धागा! अँट्रिमच्या किनाऱ्याला नऊ दऱ्या आहेत, त्यांतली ग्लेनॅरिफ आमची लाडकी. धबधब्यांच्या कडेकडेने लाकडी फळ्यांची वाट आहे, कठडेही आहेत.

पाहुण्यांना दोन गोष्टी आधी सांगा. गाडी वर लावायची आणि धबधबे खाली, म्हणजे आधी उतार आणि दमल्यावर चढण. गडाच्या बरोबर उलटं. दुसरं म्हणजे पाण्याचा रंग. बाबांनी पहिल्याच डोहाशी नाक मुरडलं, "गढूळ आहे रे." गढूळ नव्हतं. ओंजळीत घेतलं तर तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या, फक्त पाण्यावर पिवळसर झाक. डोहात तेच पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसतं आणि जिथे पडतं तिथे फेसही किंचित तपकिरी. वरच्या माळावर पीट असतं, हजारो वर्षं पूर्ण न कुजता साचलेल्या शेवाळ-गवताचा ओला थर. त्यातून झिरपताना पाणी रंग घेऊन येतं. त्यानंतर बाबा प्रत्येक ओढ्यात हात घालून बघत होते. चढण कधी संपली ते त्यांना कळलंच नाही.

फळ्या ओल्या असतात, आणि उत्तर आयर्लंडमध्ये त्या कधी कोरड्या असतात हे मला विचारू नका. चपला घालून येऊ नये.

एका बाबांकडून (मुलगी ग्लासगोला)

नमस्कार. मी कृषी खात्यातून निवृत्त झालो, मुक्काम सांगली. मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

आम्ही आर्गाइलकडच्या दऱ्यांत फिरलो. मला डोंगरापेक्षा फाटकांचं कौतुक वाटलं. रानातून जाताना मेंढरांची कुरणं लागतात. स्कॉटलंडात 2003 च्या कायद्याने बहुतेक जमिनीवरून चालायचा हक्क सर्वांना आहे, मालकाला विचारावं लागत नाही. घराची परसबाग, उभं पीक अशा जागा सोडायच्या. त्या बदल्यात जबाबदारी आपली. फाटक उघडं होतं तर उघडं ठेवा, बंद होतं तर आपल्यामागे बंद करा. आपल्याकडे कुणाच्या बांधावरून गेलं तरी हटकतात, इथे शेतकऱ्याने ट्रॅक्टरवरून हात केला.

दुसरी गोष्ट, जांभळ्या फुलांच्या झुडपाची. मुलगी फोटो काढत होती, मी खाली वाकून पाहिलं. झुडपाखाली काहीही उगवलेलं नाही, नुसती काळी माती आणि पाचोळा. हा ऱ्होडोडेंड्रॉनचा एक परदेशी प्रकार. बड्या जमीनदारांनी शोभेसाठी लावला आणि तो रानभर सुटला. आता पैसे खर्चून उपटावा लागतो. आमच्याकडे घाणेरीची हीच कहाणी. तीही बागेत शोभेला म्हणूनच आणलेली होती. मुलीला म्हटलं, फोटो काढ, पण कौतुक नको.

गोचीड सांभाळा. इथली बारकी गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पँट मोज्यात खोचावी, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघावं. चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, काडेपेटी असले उपाय करू नयेत. चार दिवसांनी किंवा महिन्याभराने लाल चट्टा पसरताना दिसला तर डॉक्टर गाठावा.

ग्लासगोहून

काका, भारी! त्यात मिजेसची भर घालते. जून ते सप्टेंबर, वारा पडला आणि आभाळ आलं की ही चिलटं ढगासारखी येतात. वारा असेल किंवा कडक ऊन असेल तर नसतात. डबा खायला ओढ्याकाठची सावली निवडू नका, उघड्यावर वाऱ्याला बसा. डोक्यावरून घ्यायची जाळी स्वस्तात मिळते. ती घालून थालीपीठ खाता येत नाही, हा तिचा एकच दोष.

शेफील्डहून

इंग्लंडात कायदा वेगळा आहे, हे आधी सांगतो. काकांसारखं कुठूनही जाता येत नाही. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही. माळरानांवर मोकळं फिरण्याचा हक्क 2000 सालच्या कायद्याने मिळाला. त्याआधी, याच हक्कासाठी, 1932 च्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या किंडर स्काउट या खाजगी माळरानावर शेकडो कामगार मुद्दाम घुसले होते, त्यात काहींना तुरुंगवास झाला.

वाट सुचवायची तर पॅडली गॉर्ज. शेफील्ड-मँचेस्टरची प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी ग्रिंडलफर्डला उतरवते, स्टेशनातून बाहेर पडलं की रान सुरू. वाकडेतिकडे जुने ओक, दगडांवर जाड शेवाळ, खाली ओढा. मुळं आणि दगड यांमुळे बाबागाडी अजिबात चालणार नाही. आईला इथे आणलं तेव्हा आसपासच्या रानात तिला दळणाची जाती दिसली. खरोखरची, पुरुषभर व्यासाची, काही अर्धवट घडवलेली, नेच्यात तशीच पडलेली. इथल्या खरबरीत दगडाची जाती पूर्वी दूरवर विकली जात. पुढे लोकांना पांढरा पाव आवडू लागला, त्या पिठासाठी फ्रान्सचा दगड चांगला ठरला आणि धंदा बसला. पीक डिस्ट्रिक्टचं, म्हणजे इथल्या राष्ट्रीय उद्यानाचं, बोधचिन्हही जातंच आहे. आईने एका जात्यावरून हात फिरवला, टाकीचे घाव मोजल्यासारखे चाचपले आणि म्हणाली, "याला टाकी लावायची राहिली." ती नंतर आठवडाभर नात्यात सगळ्यांना फोनवर हेच सांगत होती. पीक डिस्ट्रिक्टमधलीच डव्हडेलची दरी आणि तिथले नदीतले दगड जास्त प्रसिद्ध आहेत, पण रविवारी त्या दगडांवर रांग लागते. मी तरी नेणार नाही.

वासरांसोबत गाई असतील तर मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. कुत्रा सोबत असेल आणि गाई अंगावर आल्याच तर कुत्रा सोडून द्या, तो पळतो. आपल्या गरीब गाईंची सवय असणाऱ्यांना हे सांगावंच लागतं.

डब्लिनहून

ग्लेन्डालॉक राहिलं की! डब्लिनहून तासाभरात. सहाव्या शतकातला मठ, दोन तळी आणि तीसेक मीटर उंच गोल मनोरा. त्याचं दार जमिनीपासून साडेतीन मीटर वर आहे, म्हणजे गडप्रेमींचीही सोय झाली. वरच्या तळ्याच्या काठाने पाइनच्या सावलीतली सपाट वाट शिशाच्या जुन्या खाणीच्या पडक्या वस्तीपर्यंत जाते. तिथून पुढे चढ आहे, मागे फिरा. बाजूच्या स्पिंक डोंगरावरच्या लाकडी पायऱ्यांचे फोटो बघून भुलू नका. त्या आई-बाबांसाठी नाहीत. माझ्यासाठीही नाहीत.

लीड्सहून

गाडी नाही, थंडीत यायचंय. स्कॉटलंडात काही जमेल का?

(धागाकर्ती)

जमेल. पर्थ-इन्व्हरनेस मार्गावर डंकेल्ड अँड बर्नमला उतरा, तिथून चालत द हर्मिटेजचं रान गाठता येतं. डग्लस फरची झाडं 60 मीटरच्या आसपास पोहोचलेली आहेत. पर्थजवळच्या स्कूनला जन्मलेल्या डेव्हिड डग्लसने 1827 मध्ये याचं बी अमेरिकेहून पाठवलं, ते त्याच्याच मुलुखात असं फोफावलं. शक्य असेल तर शरदात या, ब्रान नदीच्या धबधब्यावर सामन मासे उड्या मारताना दिसतात. पाण्याचा जोर इतका की बहुतेक मासे परत डोहात आदळतात, पुन्हा उडी घेतात. डिसेंबरात यायचं तर दुपारी साडेतीन-पावणेचारला सूर्य मावळतो, रानात त्याआधीच काळोख होतो. सकाळची पहिली गाडी धरा, विजेरी घ्या आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा, त्या मार्गावर गाड्या विरळ आहेत.

लेक डिस्ट्रिक्ट आणि वेल्सचं अजून कोणीच लिहिलेलं नाही. कार्डिफवाले, कुठे आहात?