सिचुआन जे म्हणजे आपला ब्लू जेच का?

घोडबंदरची आई
नमस्कार मंडळी, मुलीला शाळेतून संकटातल्या पक्ष्यांवर चार्ट करायला दिलाय, सगळे माळढोक घेणार म्हणून तिने हट्टाने सिचुआन जे घेतलाय. फोटोत बघितला तर अंगाने करडा, डोकं काळपट, रंग असा काहीच नाही. आणि माझे सासरे म्हणतात जे म्हणजे ब्लू जे, गावी तारेवर बसायचा तो निळा. मग हा कोण? आणि एवढ्या उंचावर बर्फात खातो काय, तिथे त्याला धोका तरी कोणाचा? शुक्रवारी द्यायचंय, प्लीज सांगा.

येऊरवाला
सासऱ्यांचं चुकलं नाही हो, जुने लोक नीलपंखालाच ब्लू जे म्हणायचे, पण तो खंड्याच्या नात्यातला. खरे जे कावळ्याच्या घरातले, म्हणजे येऊरला टकाचोर दिसतो ना लांब शेपटीचा, तो यांच्या जवळचा. सिचुआन जे फक्त चीनमध्ये, सिचुआन, गान्सू, चिंगहाय आणि तिबेटच्या पूर्व भागात, साधारण ३००० मीटरच्या वर स्प्रूस आणि फरच्या जंगलात. भारतात नाही. आपल्याकडे जे बघायचा तर उत्तराखंडला जा, काळ्या डोक्याचा जे सहज दिसतो.

ऐरोली खाडीकाठ
खाण्याचं मी सांगते. आमच्या बाल्कनीत एक कावळा रोज चपातीचा तुकडा कुंडीच्या मातीत खुपसतो आणि वर एक सुकं पान ओढून ठेवतो, संध्याकाळी येऊन बरोबर तिथूनच काढतो. या जेचा कॅनडातला भाऊबंद हेच फार मोठ्या प्रमाणावर करतो, घास चिकट लाळेत घोळवून झाडाच्या सालीमागे चिकटवतो, असं हजारो ठिकाणी, आणि त्यावर अख्खा हिवाळा काढतो. थंडी हाच त्याचा फ्रीज. म्हणून ऑन्टारिओच्या अल्गॉन्क्विन पार्कात शरद ऋतू उबदार व्हायला लागले तसा साठा सडायला लागला आणि पिल्लं कमी व्हायला लागली. या जातकुळीत जगात तीनच पक्षी आहेत, तिसरा सायबेरियन जे, आणि तिघांत सगळ्यात कमी भाग आपल्या चीनवाल्याच्या वाट्याला आलाय, मला याचंच जास्त वाईट वाटतं.

येऊरवाला
धोक्याचं राहिलंच. मुख्य कारण लाकूडतोड. जुनं जंगल हवं याला आणि तेच कापलं गेलं, तुकडे तुकडे झाले, आणि थंडीत झाड इतकं सावकाश वाढतं की तुटलेलं परत यायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात. १९९८ ला यांगत्से नदीला प्रचंड पूर आला, त्यानंतर चीनने वरच्या खोऱ्यात नैसर्गिक जंगल तोडायला बंदी घातली, त्याचा याला आधार झाला असणार. आययूसीएन म्हणजे निसर्ग संवर्धनाची जागतिक संघटना, तिच्या यादीत तो व्हल्नरेबल आहे, म्हणजे असुरक्षित, हे चार्टवर मोठ्ठं लिहा. आणि अजून एक, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की घरट्यातल्या पिल्लांना आईबाप सोडून गटातले दुसरे पक्षीपण भरवतात. सायबेरियन जे असं करत नाही.

घोडबंदरची आई
मनापासून थँक्यू दोघांनाही. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मग नीलपंखपण कुठेतरी काढा एका कोपऱ्यात, तर तो काढतोय. मधोमध फरच्या झाडावर घरटं, आणि घरट्याशी आता दोन नाही तीन पक्षी, तिसऱ्याच्या चोचीत अळी, तो तिने स्वतः रंगवायचा म्हणून माझ्याकडून ब्रश काढून घेतलाय.