भाकिताचे नियम मालिकेत मध्येच बदलतात तेव्हा : तुमचे अनुभव

फँटसी मालिका वाचताना पहिल्या भागातलं भाकीत मी पाठच करून ठेवते आणि पुढच्या प्रत्येक भागात त्यातला शब्दन् शब्द ताडून बघते. म्हणून लेखक ते विसरला, किंवा ते चालतं कसं हेच त्याने मध्येच बदललं, की फार लागतं. तुमचं असं कुठे झालं? कुठल्या पानावर विश्वास उडाला, किंवा उडता उडता परत बसला? स्पॉयलर येणारच, जपून वाचा.

माझ्यापासून सुरुवात करते. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागात (१९९९) भविष्य शिकवणाऱ्या ट्रेलॉनीबाई तंद्रीत सांगतात, आज मध्यरात्रीच्या आत सेवक सुटेल आणि धन्याकडे निघेल. ऐकतो एकटा हॅरी. बाईंना नंतर काही आठवत नाही, आणि ज्याच्याबद्दल हे आहे त्या पेटिग्रूला तर पत्ताच नाही. तरी तो त्याच रात्री निसटतो. पाचव्या भागात (२००३) हॅरी आणि खलनायक व्होल्डेमॉर्ट यांच्याबद्दलचं मोठं भाकीत कळतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याला मारावंच लागेल का, असं हॅरी विचारतो, आणि मुख्याध्यापक डंबलडोर 'हो' म्हणतात. सहाव्यात (२००५) तेच डंबलडोर समजावतात, की व्होल्डेमॉर्टने ते मनावर घेतलं म्हणून त्याला वजन आलं. सगळीच भाकितं काही खरी होत नाहीत. मी तिथेच थांबले, तिसरा भाग काढला आणि ते पान पुन्हा वाचलं. पेटिग्रूचं भाकीत कोणी मनावर घेतलं होतं? मला याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

*

मला हे वेगळं दिसतं. डंबलडोर तिथे नियम सांगतच नाहीयेत, सोळा वर्षांच्या मुलाला धीर देतायत. पहिल्या वाचनात मीही चिडलो होतो. पुढे मुलीला तो प्रसंग मोठ्याने वाचून दाखवताना तिने मध्येच विचारलं, "म्हणजे त्याला पळून जाता आलं असतं?" आलं असतं. तरी तो गेला नसता, आणि सगळा प्रसंग त्यासाठीच लिहिलेला आहे. तेव्हापासून माझी तक्रार नाही.

*

माझा राग पुस्तकापेक्षा पडद्यावर आहे. 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये (२००५) लहानग्या सर्सीला मॅगी ही भविष्य सांगणारी बाई सांगते, की शेवटी 'वॅलोंकार' म्हणजे धाकटा भाऊ तुझा गळा आवळेल. सर्सीचं धाकट्या भावाशी, टिरियनशी, वैर त्या एका शब्दामुळे आणखी चिघळलेलं आहे. २०१५ मध्ये त्यावरच्या 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेच्या पाचव्या सीझनची सुरुवात त्याच दृश्याने झाली. मी श्वास रोखून बसले होते. बाकीचं आलं, नेमकं तेवढंच वाक्य गाळलेलं! वाक्य काढलं तरी भीती तीच ठेवली. अशाने पात्राचं वागणं निराधार होतं.

*

'व्हील ऑफ टाइम' वाचा. १९९० ते २०१३, चौदा खंड, शेवटचे तीन दुसऱ्या लेखकाने पूर्ण केलेले. त्यातल्या मिन या मुलीला माणसांभोवती त्यांच्या भविष्याची चित्रं दिसतात. अर्थ कळला तर ते घडतंच, पण अर्थ दर वेळी कळत नाही. ही चौकट शेवटपर्यंत टिकली, माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.

*

हौसेने भाषांतर करते, म्हणून थोडं लांबण लावते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या विच-किंग या खलनायकाबद्दलचं भाकीत (१९५५ च्या तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात आहे) मराठीत आणताना मी आठवडाभर अडले. 'पुरुषाच्या हातून मरणार नाही' लिहिलं, की बाई मारणार हे वाचकाला पहिल्या क्षणी कळतं. 'माणसाच्या' लिहिलं तर त्याला मारणारी एओविनही माणूसच आहे. मूळ इंग्रजी 'मॅन' या शब्दाला असलेली फट आपल्या दोन्ही शब्दांत नाही.

त्या खटाटोपात एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसली. भाकीत करणारा ग्लॉरफिंडेल फक्त पुढचं दिसलं ते सांगतो. विच-किंग रणांगणावर असा बोलतो, जणू त्याला अभय मिळालंय. आपल्या कथांमध्ये हे वेगळं ठेवलेलं असतं. हिरण्यकशिपूला मिळाला तो वर, त्यातली पळवाट शोधायची असते. कंसाने ऐकली ती आकाशवाणी, तिला पळवाट नाही. शापाला उःशाप असतो. मालिका जिथे गडबडल्यासारख्या वाटतात, तिथे बहुतेक वेळा लेखकाने आकाशवाणी म्हणून सुरुवात केलेली असते आणि अडचण आली की तिला वरासारखी पळवाट काढलेली असते. धागाकर्तीच्या पेटिग्रूलाही हेच लावून बघा. तिसऱ्या भागात आकाशवाणी आहे, सहाव्यात तिचा जवळजवळ शाप झालाय.

*

वरचं वाचून माझी वही उघडली. मी स्वतः तीन भागांची कादंबरी लिहितोय. पहिल्या भागात चार ओळींचं भाकीत आहे, त्यातली तिसरी ओळ निव्वळ यमकासाठी घातली होती : 'धाकटी नदीपार जाणार नाही.' तिसऱ्या भागात धाकटीला नदी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. सांगणारी म्हातारी खोटं बोलली असं दाखवणं सोपं होतं, तसा मसुदाही केला. पण तिच्या बाकीच्या तीन ओळींवर दोन भाग उभे आहेत. ती एका ओळीत खोटी ठरली, तर उरलेल्या तिन्हीत कोणी का विश्वास ठेवावा?

पहिला भाग अजून छापलेला नाही, ओळ खोडायची मुभा आहे. खोडलेली नाही. धाकटी अलीकडच्या काठावरच राहते, असं धरून तिसरा भाग चौथ्या प्रकरणापासून पुन्हा लिहायला घेतलाय.