कळंब्याहून सुटलेला एक आणि गोळ्या चालू असलेला एक: दोघांना कामावर टिकवायचे कसे?

प्रश्न (कारखानदार, शिरोली):
शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी छोटी फौंड्री आहे आणि दोन माणसे कामावर घेण्याचा माझा विचार आहे. एक जण कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातून सहा वर्षांनी सुटला असून तेथे त्याचा सुतारकामात चांगला हात बसला आहे. दुसऱ्याला स्किझोफ्रेनिया आहे. औषधे नियमित चालू आहेत, पण ती घेत असल्याचे त्याने आधीच्या ठिकाणी लपवले आणि कळताच त्याची नोकरी गेली. काम देणे अवघड नाही. तीन महिन्यांनीही दोघे हजेरीवर असावेत यासाठी काय करावे?

उत्तर (मनोरुग्णांसाठी काम करणारी समाजसेविका):
दुसऱ्या गृहस्थांना भट्टीजवळ अजिबात उभे करू नका. मनोविकारांवरील काही औषधांमुळे शरीराला उष्णता सोसणे जड जाते, आणि कोणाला लिथियम हे औषध चालू असेल तर घामाने अंगातील पाणी कमी झाल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. रात्रपाळीही नको, कारण झोप मोडली की आजार उलटण्याची शक्यता असते. सकाळी गुंगी राहत असेल, तर सातऐवजी नऊची हजेरी ठेवा आणि दवाखान्याच्या दिवशी खाडा धरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय मानली आहे; तेव्हा डॉक्टरांना परस्पर फोन न करता त्या गृहस्थांच्या संमतीने, त्यांना बरोबर घेऊनच डॉक्टरांना भेटावे.

उत्तर (सध्या उद्यमनगरात कामाला):
मी स्वतः कळंब्याहून सुटून कामाला लागलो आहे, म्हणून पहिल्या महिन्याचे सांगतो. दोन वर्षे व्यवहार नसला की बँक खाते निष्क्रिय होते आणि कागदपत्रे पुन्हा देऊन ते सुरू करून घ्यावे लागते. त्यामुळे पगार खात्यावर जमा होईपर्यंत जेवणाची सोय काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. त्याला दर शनिवारी थोडी उचल द्यावी. गुन्ह्याबद्दल विचारायचे असेल तर साहेब, आपण एकदाच आणि स्वतः विचारावे, सुपरवायझरमार्फत नको. माझ्या पहिल्या कारखान्यात हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे कोणीतरी पेन्सिलीने 'कळंबा' असे लिहिले होते आणि मुकादमाने ते महिनाभर खोडले नाही. महिना भरताच मी ते काम सोडले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सुतारकाम येणारा गृहस्थ सोमवारपासून पॅटर्न शॉपमध्ये लाकडी नमुन्यांच्या कामावर असेल आणि दुसऱ्याला भट्टीपासून दूर, कास्टिंग म्हणजे ओतीव भागांच्या तपासणीवर ठेवतो. एकाला नऊची वेळ दिली की सगळेच ती मागतील, अशी सुपरवायझरांची तक्रार आहे; नऊला येणारा दोन तास उशिरा घरी जाईल, एवढेच मी त्यांना सांगितले आहे.