एक्क्यांची जोडी ऑनलाइनच एवढी का हरते?

निपाणीकर:
माझं मत सरळ आहे. ऑनलाइन पोकरमध्ये भारी पत्त्यांवर जेवढा मार बसतो, तेवढा समोरासमोर बसून खेळताना बसत नाही, आणि यात नुसतं नशीब नाही. हातात दोन एक्के, फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधीच सगळे पैसे आत, समोरच्याकडे दोन राजे. फ्लॉपला काही नाही, टर्नला (चौथ्या पत्त्याला) काही नाही, रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) चौकटचा राजा, म्हणजे त्याचे तीन राजे. थोड्या वेळानं माझ्या फुल हाऊसवर (तीन सारखे आणि दोन सारखे पत्ते) कुणाच्या तरी चार दश्श्या. अ‍ॅपवाल्याला डावातून रेक, म्हणजे डावातल्या पैशांतला कापून घेतलेला हिस्सा, मिळायचा. डाव फुगला की रेकही वाढतो, आणि दोघांना भारी पत्ते दिले की डाव फुगतोच. शिवाय कच्चा खेळाडू मधूनमधून जिंकला नाही तर परत पैसे कशाला भरेल? ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांचे डाव थांबले, म्हणून हा प्रश्न मिटला असं मी मानत नाही. बेळगाव, खानापूर, चिक्कोडीकडच्या खेळणाऱ्यांनी बोलावं.

टिळकवाडीचा:
अजिबात पटलं नाही. दोन एक्के विरुद्ध दोन राजे, फ्लॉपच्या आधी सगळे पैसे आत, तर एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात. म्हणजे १८ वेळा हरतात. शंभरातले अठरा हे कमी नाहीत हो! सरासरी ८० टक्के धरली तरी एक्क्यांवर पाच वेळा ऑल-इन गेलात (सगळे पैसे लावलेत), तर पाचही जिंकण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आत आहे. तीनातल्या दोघांना निदान एकदा तरी फटका बसणारच.

आता वेग बघा. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. टेबलावर माणूस पत्ते पिसून वाटतो तेव्हा तासाला २५-३० हात होतात, म्हणजे ती जोडी दिसायला सात-आठ तास. ऑनलाइन चार टेबलं उघडून बसलं की तासाला तीनशेच्या आसपास हात, तासाभरातच एक्के. समोरासमोर जो फटका आठ-दहा बैठकांत एकदा बसायचा, तो इथं एका रात्रीत बसतो. प्रमाण तेच आहे, फक्त घड्याळ पळतंय.

अजून एक. आपण सगळे गणपतीत तीन पत्ती खेळत मोठे झालो. तीन पत्तीत हातात आलं तेच शेवटचं. २२,१०० हातांत ५२ ट्रेल (तिन्ही पत्ते एकाच आकड्याचे), एकदा आला की त्याहून मोठा ट्रेल सोडला तर कुणी बापजन्मात मागं टाकत नाही. पोकरमध्ये दोन एक्के म्हणजे सात पत्त्यांतले नुसते दोन, पाच अजून यायचेत. तीन पत्तीचा भरवसा घेऊन माणूस इथं बसतो आणि रिव्हरला रागावतो.

खानापूरवाला:
काय सांगालाय ओ, सगळं गणितानंच असतंय काय? आमच्या चौकात दहा जण खेळणारे, दहाही जणांची हीच तक्रार. सगळेच खोटं बोलालेत?

टिळकवाडीचा:
खोटं नाही बोलत. पण एक्क्यांवर जिंकलेला डाव कुणी चौकात येऊन सांगतो का? ऐंशी वेळा गप्प आणि वीस वेळा ओरडा, मग ऐकणाऱ्याला काय वाटणार?

निपाणीकर:
मग इतिहासच सांगतो. १९९९ साली प्लॅनेट पोकर नावाच्या साइटवर चालणारी पिसण्याची पद्धत अभ्यासकांनी फोडली. ५२ पत्ते लावायच्या पद्धतींची संख्या ६८ आकडी आहे. त्या सॉफ्टवेअरला पिसण्याचा सुरुवातीचा आकडा मिळायचा मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून. दिवसात मिलिसेकंद किती? ८ कोटी ६४ लाख. म्हणजे पत्त्यांचे रस्ते तेवढेच. घड्याळ जुळवून आणि पाच-सहा पत्ते बघून पुढचे सगळे पत्ते कळायचे. मग २००७-०८ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेट बेटवर आतल्या माणसांनी सगळ्यांचे पत्ते बघत खेळल्याचं उघड झालं. ह्या पुस्तकातल्या गोष्टी नाहीत, घडलेल्या आहेत. तरी आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवायचा?

टिळकवाडीचा:
डोळे मिटून ठेवू नकाच. पण तुमचीच उदाहरणं नीट वाचा. दोन्ही ठिकाणी लबाडी होती ती दुसऱ्याचे पत्ते कळण्याची, एक्के मुद्दाम हरवण्याची नव्हे. २००७ ची चोरी पकडली कुणी? खेळाडूंनीच, डावांच्या नोंदी तपासून. एक जण इतका जिंकत होता की ते शक्यच नव्हतं. रिव्हर फिरवली असती तर तीही लाखो हातांच्या नोंदीत अशीच उघडी पडली असती. आणि रेकला बहुतेक ठिकाणी कमाल मर्यादा असते. मोठा डाव त्या मर्यादेला केव्हाच पोचलेला असतो, मग तो आणखी फुगवून अ‍ॅपवाल्याच्या हाती काय लागतं?

वडगावकर:
दोघांनीही एक सोडलं. एक्के हातात आले की लोक लपवतात. आधी बोली वाढवत नाहीत, पाच जणांना स्वस्तात आत येऊ देतात. चार जण कुठलेही पत्ते घेऊन शेवटपर्यंत राहिले तर एक्क्यांची जिंकण्याची शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास येते. मग हरल्यावर अ‍ॅपच्या नावानं बोंब. सुरुवातीलाच चांगलं वाढवून गर्दी कमी करा.

शहापूरची वहिनी:
मी खेळत नाही, पण घरात भोगलंय, म्हणून लिहिते. तुमचं ८२ आणि १८ चं भांडण चालू राहू दे. मी बँकेचं स्टेटमेंट बघितलंय. रात्री १ वाजून १० मिनिटांनी २,००० रुपये, १ वाजून १४ ला २,०००, १ वाजून २२ ला ५,०००. विचारलं तर उत्तर, "अगं, राजे-एक्क्यांवर हरलो, पत्ते चांगले येत होते." भारी पत्त्यावर हरलेला माणूस स्वतःला हरलेला समजतच नाही. आपलं हक्काचं कुणीतरी नेलं असं त्याला वाटतं आणि ते परत आणायला तो बसतो. कचऱ्यासारख्या पत्त्यांवर हरला असता तर झोपला असता. टिळकवाडीचे भाऊ, तुमचं गणितसुद्धा त्याला हेच सांगतं की तू बरोबर खेळलास, अजून खेळ. जे गेलं ते अशा हरलेल्या डावानंतरच्या अर्ध्या तासात गेलं.

टिळकवाडीचा:
वहिनी, तुमचा राग योग्य आहे. तरीही गणित "अजून खेळ" म्हणत नाही. ते म्हणतं, एका डावात सगळी पुंजी घालू नकोस, कारण पाचात एकदा हरणारच आहेस. आणि बंदीनं काय साधलं? २०२१ ला कर्नाटकानं बंदी घातली तेव्हा निपाणीची पोरं कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलला टपरीवर बसून खेळायची, तिथं अ‍ॅप चालायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली, तोवर सवय वाढलेलीच होती. आता चोर्ला घाटातून पणजीच्या कॅसिनोंकडे गाड्या जातात.

शहापूरची वहिनी:
पणजीला जायला गाडी लागते, सुट्टी लागते, घरात सांगावं लागतं. रात्री सव्वा वाजता उशीखालून पणजी निघत नाही. मला तो कायदा हवाच आहे, पत्ते खरे असोत की खोटे.

खानापूरवाला:
वहिनींचं खरं हाय. पण निपाणीकरांचा प्रश्न तसाच राहिला की.

टिळकवाडीचा:
राहिला नाही, मोजता येतो. निपाणीकर, फक्त असे डाव काढा ज्यात फ्लॉपच्या आधीच एक्क्यांवर सगळे पैसे आत होते आणि समोर एकच जण होता. असे शंभर डाव असतील तर १२ ते २८ हारी नेहमीच्याच धरा. चाळीस निघाल्या तर मी तुमच्या बाजूनं ग्राहक आयोगात अर्ज लिहून देतो.

निपाणीकर:
डावांच्या नोंदी अ‍ॅपमध्येच होत्या आणि आता ते खात्यातल्या शिलकीपलीकडे काही दाखवत नाही. नोंदी मागायला मेल टाकलाय. माझे पैसे, माझे डाव, तर नोंद मला मिळायलाच हवी. न देणाऱ्यावर मी संशय घेणारच. वहिनी, तुमचं वाचून बायकोला फोन दिला. तिनं दोनदा वाचलं.