प्रतिसाद: सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यालयीन दौऱ्यासाठी सामान

जुलैत सॅन फ्रान्सिस्को आणि जवळच्या सॅन होजे शहराच्या दौऱ्यासाठी काय सामान न्यावे, या प्रश्नावर आधीच्या एका प्रतिसादात सुती शर्ट पुरेसे असल्याचे सुचवले आहे. सॅन होजेपुरते ते योग्य असले, तरी सॅन फ्रान्सिस्कोत त्यावर भागणार नाही. लगतच्या समुद्राचा प्रवाह थंड असल्याने आणि आतला प्रदेश तापला की धुके गोल्डन गेट या सामुद्रधुनीतून आत ओढले जात असल्याने, ऐन उन्हाळ्यात तिथे संध्याकाळी तापमान १२-१५ अंशांपर्यंत उतरते, तर सुमारे ७५ किलोमीटरवरच्या सॅन होजेत दुपारी २८ अंशांच्या आसपास ऊन असते. बैठका दोन्हीकडे असतील, तर वारा अडवणारे पातळ जाकीट बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशीच ठेवावे. सूट मात्र, यजमानांनी मुद्दाम सांगितले नसेल, तर खुशाल घरी ठेवावा. तिकडच्या संगणक कंपन्यांत तो घालणारा बहुधा पाहुणाच असतो.

विजेचा मुद्दा अद्याप कोणी मांडलेला नाही. तिथे १२० व्होल्टचा पुरवठा असून आपली गोल पिन तिथल्या चपट्या खाचांत बसत नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१००-२४० व्होल्ट’ असे छापलेले असल्यास केवळ पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. आपली २३० व्होल्टची इस्त्री मात्र तिथे धड तापत नाही, तेव्हा ती नेऊच नये. पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच ठेवावी लागते. २०,००० एमएएच (बॅटरीची छापील क्षमता) असलेली साधारण ७४ वॅट-अवरची भरते, म्हणजे विमानातल्या १०० वॅट-अवरच्या मर्यादेत बसते.